पत्ते मांडताना मागे सूर कशाला? टॅरो आणि संगीत

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन तऱ्हेचे निरोप आले. एक असा, की टॅरोवर बोलणार म्हणजे तुम्ही त्याचा प्रचार करणार का? दुसरा असा, की टिंगल करणार असाल तर आम्ही येत नाही. दोन्हीकडची मंडळी आज समोर दिसतायत, त्याचा आनंद आहे. म्हणून माझी भूमिका आधीच सांगून टाकते. पत्त्यांना पुढचं कळतं याला पुरावा नाही. पण टॅरोच्या टेबलाशी माणसं बसतात, मनातलं बोलतात, कधी रडतात, आणि तिथून उठून निर्णय घेतात. नोकरी सोडायची का, लग्न मोडायचं का, ऑपरेशन करून घ्यायचं का. हे सगळं खरं आहे. त्यामुळे त्या खोलीत काय घडतं याचा विचार करायला हवा, तुमचा पत्त्यांवर विश्वास असो वा नसो.

आणि त्या खोलीत बहुतेक वेळा एक आवाज चालू असतो. बासरी असते, तिबेटी वाडग्यांचा घुमारा असतो, पावसाचा आवाज असतो, कुठे मंत्र चालू असतात. टॅरो रीडरला विचारलं की हे कशासाठी, तर उत्तर येतं, 'वातावरणासाठी.' आज मला या 'वातावरण' शब्दाची जरा फोड करायची आहे. संगीत समोरच्याच्या शरीरावर काय करतं, पत्ते बघणाऱ्या डोळ्यांवर काय करतं, आणि बोलल्या जाणाऱ्या शब्दांवर काय करतं? ज्योतिषात प्रश्न विचारणाऱ्याला 'पृच्छक' म्हणतात. तो शब्द चांगला आहे, मी तोच वापरते.

ही चित्रं काढणारी बाई गाणं ऐकत असे

सुरुवात थोड्या इतिहासाने करू, कारण तिथे एक गंमत दडलेली आहे.

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाले, आणि ते खेळायचे पत्ते होते. त्यांना 'त्रिओन्फी' म्हणत. म्हणजे इतर पानांना मारणारी पानं. आपल्या भाषेत सांगायचं तर हुकुमाची पानं. भविष्याशी त्यांचा ठळक संबंध जुळला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. १७८१ साली कूर द जेबलँ या विद्वानाने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे असं लिहिलं. त्याला आधार काही नव्हता. पण कल्पना एवढी मोहक होती की ती आजही पुसली गेलेली नाही.

आज आपल्याकडे जो संच सगळ्यात जास्त दिसतो, तो १९०९ सालचा, लंडनमध्ये रायडर या प्रकाशनाने काढलेला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. अनेक वर्षं तो संच प्रकाशक आणि लेखक यांच्याच नावाने ओळखला जात होता. चित्रकर्तीचं नाव अलीकडे जोडलं जाऊ लागलं. १९०९ च्या शेवटी तिने एका स्नेह्याला पत्र लिहून कळवलं होतं की काम मोठं झालं, पैसे मात्र अगदी थोडे मिळाले. १९५१ मध्ये ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात वारली, तेव्हाही हलाखीतच होती.

आता गंमत सांगते. पत्त्यांच्या आधी ही बाई चित्रकार म्हणून ओळखली जायची ती संगीत ऐकताना काढलेल्या चित्रांसाठी. बाख, बीथोव्हन, शूमान, देब्युसी. वाद्य सुरू झालं की तिच्या डोळ्यांपुढे दृश्यं उभी राहायची आणि ती तिथल्या तिथे कागदावर उतरवायची. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीगलिट्झ यांच्या फोटोग्राफीच्या गॅलरीत तिची चित्रं लागली. त्या गॅलरीत फोटो सोडून दुसरं काही लागण्याची ती पहिलीच वेळ. १९०८ मध्ये लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात तिच्या या चित्रांवर लेख आला. त्यात तिने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. ही चित्रं त्या संगीताचा अर्थ सांगत नाहीत. संगीत ऐकताना मला जे दिसतं, तेवढंच त्यात आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथेच आहे. सूर ऐकताना जे दिसतं ते सुरात असतंच असं नाही. ते ऐकणाऱ्याच्या आत असतं, सूर त्याला वाट करून देतात. टॅरोच्या पत्त्याचंही तसंच आहे. आणि जेव्हा पत्ता समोर आहे आणि सूरही मागे चालू आहे, तेव्हा दोन वाटा एकदम उघडतात. कोणती गोष्ट कुठून आली हे सांगणं कठीण होऊन बसतं.

स्मिथचं आणखी एक काम महत्त्वाचं. तिच्या आधीच्या बहुतेक संचांत छोटी पानं साधी असायची. पाच पेले म्हणजे पाच पेल्यांची चित्रं, बस. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा आठवा. दशावतारी गंजिफेत १० रंग, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. छोट्या पानांवर त्या त्या अवताराचं चिन्ह तितक्या वेळा काढलेलं असतं, मोजायचं आणि खेळायचं. स्मिथने मात्र सगळ्या ७८ पत्त्यांवर प्रसंग रंगवले. डोळ्यांवर पट्टी बांधून दोन तलवारी धरून बसलेली बाई. आठ पेले मागे ठेवून रात्री निघून जाणारा माणूस. हा माणूस हरून निघालाय की सुटून निघालाय? चित्र सांगत नाही. या पत्त्यांची सगळी ताकद अशा संदिग्धतेत आहे, आणि संगीत नेमकं संदिग्ध जागी काम करतं.

शरीर आधी ऐकतं

आता संगीताकडे वळू. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठात बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. २४ माणसं, त्यातली निम्मी वादक, निम्मी साधी. त्यांना सहा वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात एक भारतीय रागही होता. श्वास, नाडी, रक्तदाब मोजला. जलद लयीत श्वास वाढला, नाडी आणि रक्तदाब वाढला. संथ संगीतात उलट. आणि ते संगीत त्या माणसाला आवडतं की नाही, याने फारसा फरक पडला नाही. लयीने पडला.

पण त्या प्रयोगातली सगळ्यात सुंदर गोष्ट वेगळीच आहे. मध्ये त्यांनी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या शांततेत नाडी आणि श्वास सुरुवातीच्या विश्रांतीपेक्षाही खाली आले. म्हणजे संगीत थांबल्यावर जी शांतता मिळते, ती नुसत्या शांततेपेक्षा जास्त निवांत असते. मैफलीला जाणाऱ्यांना हे माहीत आहे. भैरवी संपल्यावर टाळी पडायच्या आधीचे ते दोन क्षण.

म्हणजे पहिला निष्कर्ष सरळ आहे. पृच्छक आला, धावपळीतून आला, पाय हलवत बसलाय, आणि तुम्ही पत्ते पिसताय. त्या वेळी संथ संगीताचा उपयोग होतो. श्वास खाली येतो. यात गूढ काही नाही. दवाखान्यातल्या प्रतीक्षाखोलीतही हेच होतं. प्रश्न त्यापुढचा आहे. पत्ते पिसून झाले, पृच्छकाने पत्ते कापले, तीन पत्ते काढले, आणि आता ते उलटायचे आहेत. संगीत चालूच ठेवायचं का?

तोच चेहरा, वेगळा सूर

२००९ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्समधल्या लोगेश्वरन आणि भट्टाचार्य यांनी एक साधा प्रयोग मांडला. १५ सेकंद आनंदी किंवा उदास संगीत ऐकवायचं, मग एक चेहरा दाखवायचा आणि विचारायचं, हा माणूस किती आनंदी किंवा दुःखी दिसतो? आनंदी सुरानंतर चेहरे जास्त आनंदी वाटले, उदास सुरानंतर जास्त उदास. आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो कोणत्या चेहऱ्यांवर? ज्यांच्यावर काहीच भाव नव्हता अशांवर.

आता तो आठ पेल्यांचा पत्ता पुन्हा डोळ्यांपुढे आणा. माणूस पाठमोरा, वर चंद्र. मागे मारवा चालू आहे अशी कल्पना करा. संध्याकाळचा, षड्जावर टेकू न देणारा, पंचम नसलेला. ऐकणाऱ्याला काहीतरी हातातून निसटतंय असं वाटत राहतं. आता त्याच पत्त्यामागे भूप लावा. पाच सरळ स्वर, मोकळं आकाश. पत्ता तोच. पण पहिल्या वेळी रीडरच्या तोंडून 'तुम्ही काहीतरी गमावताय' येण्याची शक्यता जास्त, दुसऱ्या वेळी 'तुम्ही मोकळे होताय'. मी रागाचे ठरीव परिणाम सांगत नाहीये. अमुक रागाने अमुक होतंच, हे खरं नसतं. मी एवढंच म्हणते की चित्र जेवढं अर्धवट, तेवढी उरलेली जागा सूर भरून काढतात. आणि हे दोघांच्याही बाबतीत घडतं, पृच्छकाच्या आणि रीडरच्याही.

रीडर मंडळी इथे म्हणतील, आम्ही तर आतला आवाज ऐकतो. ठीक आहे. पण मग निदान एवढी खबरदारी घ्यायला हवी ना, की तो आवाज तुमच्या आतला आहे, कोपऱ्यातल्या स्पीकरचा नाही?

शब्द असलेलं गाणं

तिसरी गोष्ट शब्दांची. मानसशास्त्रज्ञ सालामे आणि बॅडली यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. थोडा वेळ काही शब्द किंवा आकडे मनात धरून ठेवायचे, आणि मागे आवाज चालू. साधा गोंगाट फारसा आड येत नाही. माणसाचं बोलणं आड येतं. गायलेलं गाणं नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त आड येतं. आणि बोलणं अनोळखी भाषेतलं असलं तरी त्रास होतोच. कारण मेंदू माणसाचा आवाज गाळून टाकत नाही, तो आत घेतो.

टॅरो वाचताना रीडर काय करत असतो? पृच्छकाने पहिल्या मिनिटाला काय सांगितलं ते लक्षात ठेवतो, दहा पत्त्यांची मांडणी असेल तर मागचे पत्ते ध्यानात ठेवतो, आणि वाक्यं जुळवतो. सगळं शब्दांचं काम. मागे मंत्र किंवा भावगीत चालू असेल तर त्याच कामावर ताण येतो. पृच्छकाची अडचण आणखी वेगळी. त्याला त्या गाण्याची स्वतःची आठवण असू शकते. तुम्हाला जे भजन प्रसन्न वाटतं, ते कुणाच्या घरी तेराव्याला लागलेलं असेल. हे तुम्हाला कळणार नाही, तोही सांगणार नाही. तो रडायला लागेल आणि तुम्हाला वाटेल, पत्ता अगदी बरोबर लागला.

आणि एक साधी व्यवहारातली बाब. वय वाढतं तसं मागच्या आवाजातून बोलणं वेगळं काढून ऐकणं अवघड होतं. साठीच्या पुढच्या माणसासमोर तुम्ही मंद संगीतात हळू आवाजात बोलत असाल, तर त्याला अर्धे शब्द ऐकू येत नाहीत. तो मान हलवतो. घरी जाऊन मुलीला जे सांगतो, ते तुम्ही म्हणालातच नव्हता.

वातावरणाचं वजन

आता मी मुख्य मुद्द्यावर येते.

१९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. आठवड्याने प्रत्येकाला त्याचा म्हणून अहवाल दिला आणि तो किती जुळतो याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगितले. सरासरी आली सुमारे ४.३. मग उघड केलं, की सगळ्यांना एकच कागद दिला होता, त्यातली वाक्यं फुटपाथवर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली. मोघम वाक्य आपण आपल्या आयुष्याने भरतो, हे यातून दिसतं. 'तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून हळवे आहात.' या सभागृहात कोण नाही तसं?

दुसरा प्रयोग इंग्लंडमधला, १९९७ साली प्रसिद्ध झालेला. सुपरमार्केटमध्ये वाइनच्या फळीजवळ एक दिवस फ्रेंच संगीत, एक दिवस जर्मन संगीत असं आलटून पालटून दोन आठवडे लावलं. फ्रेंच संगीत असताना फ्रेंच वाइनच्या ४० बाटल्या खपल्या, जर्मनच्या ८. जर्मन संगीत असताना जर्मनच्या २२ आणि फ्रेंचच्या १२. नंतर गिऱ्हाइकांना विचारलं, संगीतामुळे निवड बदलली का? हो म्हणणारे अगदी मोजके निघाले.

हे दोन्ही एकत्र ठेवा. मोघम वाक्य आपल्याला आपलंसं वाटतं, आणि मागचा सूर आपल्याला एका दिशेने झुकवतो, झुकवल्याचं कळतही नाही. वाइनच्या बाटलीपुरतं ठीक आहे. पण समजा, एक बाई आली आहे. छातीत गाठ लागलीय, डॉक्टरांनी बायोप्सी सांगितलीय, ती घाबरली आहे. खोलीत धूप आहे, बासरी आहे, नाडी खाली आलेली आहे. पत्ता निघतो 'द स्टार', आशेचा. रीडर म्हणते, 'सगळं चांगलं दिसतंय, काळजी करू नका.' रीडरच्या मनात वाईट काही नाही. पण त्या बाईला पहिल्यांदाच दहा दिवसांत हलकं वाटलंय. त्या हलकेपणातला किती भाग बासरीचा, किती संथ श्वासाचा आणि किती पत्त्याचा, हे ती वेगळं करू शकत नाही. तिला वाटतं, शरीरच सांगतंय की सगळं ठीक आहे. आणि ती बायोप्सी पुढे ढकलते.

इथे खोटं कुणीच बोललेलं नाही. बासरी तर नक्कीच नाही. पण बरं वाटणं आणि खरं असणं यांतली भिंत त्या खोलीत पातळ झाली. म्हणून मी म्हणते, संगीत लावणं ही सजावटीची बाब नाही. बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक वाक्याला ते वजन देतं. वजन वाढवायचं असेल तर वाक्याची जबाबदारीही वाढते. आजार, औषध, कोर्टकचेरी, पैशाची गुंतवणूक असे विषय निघाले की संगीत बंद करावं, दिवा लावावा आणि साध्या आवाजात सांगावं, 'हे डॉक्टरांना विचारा.' हीच गोष्ट 'उपाय' म्हणून काही विकताना. ज्याची किंमत सांगायला मागे सूर लागतो, ती वस्तू घेऊ नये.

आपल्याकडचा जुना अनुभव

भविष्य आणि वाद्य ही जोडी आपल्याला नवी नाही. कुडमुड्या जोशाचं नावच त्याच्या हातातल्या छोट्या डमरूसारख्या वाद्यावरून पडलंय. पहाटे पिंगळा यायचा तोही असंच वाद्य वाजवत. नंदीबैलवाला ढोलक्यावर काठी घासून गुबुगुबु आवाज काढतो, पावसाचं विचारतो, बैल मान डोलावतो. ही वाद्यं एक काम चोख करतात. आता रोजचं बोलणं थांबलं, वेगळं बोलणं सुरू झालं, ही वर्दी देतात. सगळं अंगणात, उजेडात, शेजारीपाजारी उभे असताना. बंद खोली, मंद दिवा आणि एकटा पृच्छक ही मांडणी त्याहून फार वेगळी आहे. अंगणात निदान शेजारीण म्हणायची, 'अगं, काहीही काय ऐकतेस!'

आणि अंगात येण्याचं काय? संबळ वाजला, हलगी वाजली की कुणी घुमायला लागतं. फ्रेंच अभ्यासक जिल्बेर रूजे यांनी १९८० साली संगीत आणि अशा अवस्थांवर मोठा ग्रंथ लिहिला. अनेक देशांतली उदाहरणं तपासून त्यांनी दाखवलं, की वाद्य स्वतःच्या बळावर कुणाला घुमवत नाही. तसं असतं तर वाजवणाराच आधी घुमला असता! माणसाची श्रद्धा, प्रसंग, आजूबाजूच्यांची अपेक्षा हे सगळं असतं, तेव्हा वाद्य त्याला वेळ आणि दिशा देतं. टॅरोच्या खोलीतही हेच. पृच्छक अपेक्षा घेऊन आलेला असतो. सूर ती अपेक्षा जागी करतात.

मग करावं काय?

जे पत्ते वाचतात त्यांच्यासाठी, आणि जे वाचून घेतात त्यांच्यासाठीही, थोडक्यात सांगते.

पृच्छक आल्यावर आणि पत्ते पिसताना संगीत असू द्या. शब्द नसलेलं, ठळक ठेका नसलेलं, आवाज इतका कमी की कुणालाही घसा ताणावा लागू नये. नुसता तानपुरा हा फार चांगला पर्याय आहे. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. तो आधार देतो, पण हसायचं की रडायचं ते सांगत नाही. आपल्या गायकांनी पिढ्यान्पिढ्या तो याचसाठी मागे ठेवलाय.

लावण्याआधी विचारा. 'संगीत चालेल का? नको असेल तर बंद ठेवते.' एवढं एक वाक्य पुरतं.

पहिला पत्ता उलटायच्या आधी संगीत थांबवा. एक-दोन मिनिटं काहीच नको. त्या शांततेत शरीर आणखी निवांत होतं, हे मघाशी पाहिलं. शिवाय तुम्हा दोघांनाही कळतं, की आता जे वाटेल ते पत्त्यामुळे आणि आपल्यामुळे.

आणि उठायच्या आधी, उजेडात, पृच्छकाला त्याच्या शब्दांत सांगू द्या की त्याने काय ऐकलं. अर्धे गैरसमज तिथेच मिटतात.

पृच्छकांसाठी एकच गोष्ट. तिथे जे ठरवलं, ते त्या दिवशी करू नका. रात्र जाऊ द्या. सकाळी, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, तोच निर्णय तितकाच बरोबर वाटतो का बघा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : ४३२ किंवा ५२८ हर्ट्झचं संगीत प्राचीन आणि उपचार करणारं आहे असं सांगतात. ते लावावं का?

उत्तर : हर्ट्झ हे एकक हाइनरिश हर्ट्झ या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचं. प्राचीन काळी सेकंदाला कंपनं मोजायची सोयच नव्हती. आणि आपल्याच परंपरेकडे बघा ना. आपल्याकडे षड्ज ठरलेला नसतो. कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी काळी चारमध्ये. तोच राग, तोच परिणाम. एखाद्या आकड्यातच औषध असतं, तर आपल्या अर्ध्या गवयांचं गाणं निरुपयोगी ठरलं असतं. ऐकायला आवडत असेल तर लावा. औषध म्हणून विकत घेऊ नका.

प्रश्न : मी स्वतः पत्ते वाचते. मला ठरावीक संगीत लागल्याशिवाय वाचताच येत नाही. हे चूक आहे का?

उत्तर : चूक नाही, सवय आहे. रोज तोच सूर आणि तेच काम जोडलं, की सूर लागला की मन त्या कामाला बसतं. अभ्यासाला बसताना ठरावीक खुर्ची लागणाऱ्यांचंही तेच. तुम्ही ते संगीत पृच्छक यायच्या आधी पाच मिनिटं एकट्याने ऐका. मन बसलं की बंद करा. आणि दिवसाला सहा-सात जण असतील तर मध्ये थांबा. एका माणसाचं दुःख त्याच चालीवर दुसऱ्याच्या पत्त्यात उतरतं.

प्रश्न : ऑनलाइन वाचन करताना?

उत्तर : तिथे संगीत नकोच. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप्स मागचे आवाज दाबायचा प्रयत्न करतात, त्यात संगीत तुटतं आणि कधी तुमचं बोलणंही. शिवाय थेट प्रक्षेपणात दुसऱ्याचं संगीत परवानगीशिवाय वापरणं हा कॉपीराइटचा प्रश्न आहे. चेहरा नीट दिसू द्या, आवाज स्वच्छ असू द्या. तेवढं पुष्कळ झालं.

प्रश्न : मागे लावलेल्या संगीताकडे कुणी लक्षच देत नाही. तुम्ही उगाच त्याला महत्त्व देताय असं नाही वाटत?

उत्तर : छान विचारलंत. एरिक साती नावाच्या फ्रेंच संगीतकाराला वाटलं, घरातल्या खुर्ची-टेबलासारखं संगीत असावं, कुणी लक्ष देऊ नये. १९२० मध्ये पॅरिसला एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात त्याने ते वाजवलं. लोक गप्प होऊन ऐकायला लागले. साती त्यांच्यात फिरून सांगत राहिला, बोला, हिंडा, ऐकू नका! कुणी मानलं नाही. म्हणजे लक्ष जातंच. आणि ज्यांचं गेलं नाही, त्यांच्यावर परिणाम होत नाही असंही नाही. वाइनच्या गिऱ्हाइकांचं कुठे लक्ष होतं?

प्रश्न : आई गेल्यापासून माझी बहीण दर महिन्याला टॅरोला जाते. तिथलं संगीत ऐकून बरं वाटतं म्हणते. तिला थांबवावं का?

उत्तर : तिला बरं वाटतंय ही गोष्ट खरी आहे, तिला ती खोटी ठरवू नका. पण तिला विचारा, तिथे बरं कशाने वाटतं? पत्त्यांनी, की तासभर कुणीतरी शांतपणे ऐकून घेतं म्हणून? बहुतेक उत्तर ती स्वतःच देईल. मग एखाद्या रविवारी तुम्हीच तिच्याजवळ बसा. हवं तर आईच्या आवडीचं गाणं लावा. पत्ते नसले तरी चालेल. आणि ती खर्च करतेय तो झेपेनासा झाला, किंवा झोप-जेवण सुटलं, तर समुपदेशकाकडे घेऊन जा.

वेळ संपली आहे. आपण सगळे शांतपणे ऐकत बसलात, आणि मागे कसलंही संगीत नव्हतं.